पेव

सुमेधाच्या कमरेच्या हाडातून जाड सुईनं
काडीएवढा तुकडा काढला, मिरजेला, मंगळवारी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मज्जा जवळजवळ रिकामी आहे.
पेशी असायच्या तिथं नुसती चरबी.

मी तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार.
रिकामं म्हणजे काय ते मला कळतं.
हरिपूरला आजोबांच्या राखणीत पेवं होती,
जमिनीच्या पोटात, तोंड एका माणसापुरतं,
आत शेकडो पोती हळद.
पुरात बुजली.
वरून बघितलं तर जमीन सपाट.
वरून बघितलं तर माझी एकोणीस वर्षांची पोरगी,
हिरड्यांतून थोडं रक्त,
मांडीवर निळे डाग,
कुणी मारलं नसताना.

"कुणी नेलं?" मी विचारलं.
"बाहेरचं कुणी नाही. राखणदारांनीच.
पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, रक्तातून.
त्यातल्या एका निरोपाचं नाव इंटरफेरॉन गॅमा.
तो मज्जेतल्या बियाण्याला जाऊन सांगतो,
उगवू नका."

मला रुमाल आठवला.
पूर्वी भाव तोंडानं बोलत नसत.
दोघांचे हात रुमालाखाली, बोटांवर बोटं,
भोवती पन्नास माणसं, कुणाला ऐकू नाही,
आणि एका गावाची हळद गेलेली असायची.
माझ्या पोरीच्या हाडात
कुणाचा हात कुणाच्या हातात होता,
कधीपासून?

भावाचं जुळलं नाही.
प्रसन्न दोन दिवस जेवला नाही, नापास झाल्यासारखा.
मग घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध,
चार दिवस, थेंब थेंब.
हुडहुडीनं पलंग वाजत होता
तरी म्हणाली, "बाबा, खिंकाळले तर दचकू नका."
नर्स हसली.
मी उगाच पाणी आणायला गेलो.

मग कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ. उग्र वास.
हिरड्या सुजल्या, गालांवर काळी लव आली,
आरसा तिनं भिंतीकडं तोंड करून ठेवला.
पहिल्या महिन्यात प्लेटलेट नऊ हजार.
दुसऱ्यात अकरा, चढवलेल्या धरून.
काट्याची चूक किती धरायची ते मला माहीत आहे,
म्हणून मी घरी काही बोललो नाही.

एक जास्तीची बाटली घेतली रक्ताची,
सही तिची, बर्फात घालून पुण्याला.
निरोप मोजणार म्हणे,
औषधाआधी किती, नंतर किती.
"त्यावरून कळेल का, हिला गुण येईल?"
"अजून नाही," बाई म्हणाल्या.
"काहींचे निरोप थांबतात आणि मज्जा उगवते.
काहींचे थांबतात, तरी नाही.
बी उरलेलं असावं लागतं."
झोप गेली त्या उत्तरानं.
पण वजन न फुगवणारा माणूस मी ओळखतो.

पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत.
आजोबा झाकण काढून दिवसभर बसून राहायचे,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
विझला तर वर ओढायचा,
पुन्हा उद्या.
घाई केलेली माणसं आतच राहिली आहेत,
त्यांची नावं ते कधी सांगत नसत.

पाचव्या महिन्यात रिपोर्टवर, खालून तिसऱ्या ओळीत,
रेटिक्युलोसाइट दीड टक्का.
कोवळ्या लाल पेशी, काल-परवा जन्मलेल्या.
प्लेटलेट एकतीस हजार, एकही उसनी नाही.
"अर्धा गुण," बाई म्हणाल्या. "अर्धाच म्हणते. गोळ्या चालू."

येताना विश्रामबागला सुमेधानं भडंगाचा पुडा घ्यायला लावला.
बाहेरचं खायला मनाई आहे.
खाणार नाही म्हणाली, वास घेणार.
घरापर्यंत नाकाशी धरून बसली होती.

रात्री मी ओसरीवर,
मूठ आवळलेली, तिच्यात दोरी असल्यासारखी.
खाली जळतोय.
मंद आहे.
अजून उतरायचं नाही.